आधी लॉन्ड्री, मग लॉज

कोणत्याही गावात एसटीतून उतरलं की नाना आधी लॉन्ड्री शोधत. लोक रिक्षावाल्याला विचारतात, पानटपरीवर विचारतात, हल्ली मोबाईलला विचारतात. नाना खांद्याची बॅग न उतरवता इस्त्रीच्या टेबलासमोर जाऊन उभे राहत आणि म्हणत, "भाऊ, चादरी कोणाकोणाच्या येतात?"

समोरच्याला आधी काही कळत नसे. मग नाना फोड करून सांगत. "लॉजच्या चादरी. कोणाच्या रोज येतात आणि कोणाच्या आठवड्याला?"

लॉन्ड्रीवाला हसायचा, इकडेतिकडे पाहायचा आणि खरं ते सांगून टाकायचा. एखादा तर इतक्या दिवसांचं साठलेलं सांगायचा की आम्हाला निघता येत नसे. नानांचं म्हणणं असं, की लॉजबद्दल गावात खरं बोलणारा हा एकच माणूस. मॅनेजर स्वतःची बाजू सांगणार. रिक्षावाल्याचं तिथे काहीतरी असणार. मी एकदा मोबाईलवर एका लॉजला साडेचार तारे दाखवले, तर म्हणाले, "तारे कोणी दिले? जो एक रात्र राहून गेला त्याने. त्याने रात्री दिवा बंद करून झोप काढली. चादर उजेडात कोण बघतो, ते सांग."

नाना सूक्ष्मदर्शकाचे मेकॅनिक होते. धुळ्यात कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारं एक दुकान होतं, तिथे ते होते आणि त्यांच्या हाताखाली मी. खानदेशातल्या बहुतेक सायन्स कॉलेजांतले सूक्ष्मदर्शक वर्षातून एकदा नानांच्या हातून साफ होत. भिंगावरची बुरशी काढायची, ढिले झालेले स्क्रू बसवायचे, विद्यार्थ्यांनी आत कोंबलेले कागद काढायचे. स्वतः नाना दहावी नापास. ते लपवत नसत. "मी दहावी नापास आहे, पण एवढ्या सायन्स कॉलेजांत जाऊन आलेला दुसरा माणूस दाखवा," असं प्राचार्यांच्या तोंडावर म्हणत.

मी अमळनेरहून बीएस्सी झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावात आमच्या आळीतलाही पहिला. हे मी कोणालाही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही मला दिसत नाही. नानांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला "बीएस्सी" म्हणायला लागले. "बीएस्सी, स्क्रूड्रायव्हर." "बीएस्सी, चहा सांग." पहिले काही दिवस मला ती थट्टा वाटली. नंतर पाहिलं तर ते लोकांना माझी ओळख करून देताना तेच सांगत, आणि सांगताना मान थोडी वर करत.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक छोटं भिंग असे. शर्टाच्या आत. लोकांना तो ताईत वाटे. लॉजच्या खोलीत शिरलं की नाना दार लावून घेत, तो ताईत बाहेर काढत आणि गादीच्या शिवणीवर डोळा ठेवत. ढेकूण म्हणे शिवणीत असतात, गादीवर नाही. मग उशी. मग पाण्याच्या ग्लासाची कड. सगळं झालं की निकाल देत, आणि तो निकाल त्यांच्या धंद्याच्या भाषेत असे. सूक्ष्मदर्शकाला लहान-मोठी भिंगं असतात, दहाचं, चाळीसचं, शंभराचं. शंभराचं सगळ्यात बारीक दाखवतं, पण त्याला काचेवर तेलाचा थेंब लावावा लागतो. तर जिथली घाण शोधायला जितकं मोठं भिंग लागेल तितकी ती जागा चांगली. "हे नुसत्या डोळ्याचं लॉज," म्हणजे निघा. "दहाचं," म्हणजे एक रात्र चालेल. चाळीसचं म्हणजे उत्तम. "शंभराचं, तेल लावून" ही पदवी नानांनी माझ्यादेखत खानदेशात एकाही लॉजला दिली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजं रिकामी असतात, म्हणून मोठी कामं तेव्हाच निघत. मे महिन्यातलं जळगाव ज्यांनी काढलंय त्यांना मी काय सांगू. तेव्हा नाना आणखी एक परीक्षा घेत. खोलीत गेले की चपला काढून पलंगावर चढत, हात वर करून तळवा छताला टेकवत आणि डॉक्टरसारखे दोन क्षण गप्प उभे राहत. "स्लॅबला ताप आहे," म्हणत. "खालची खोली द्या." खाली रूमबॉय चावी घेऊन तसाच उभा असायचा, त्याला वाटे हे म्हातारे गृहस्थ पलंगावर चढून करतात तरी काय.

आणि एवढं सगळं करून मिळालेल्या खोलीत नाना शांत बसतील तर शपथ. गळणारा नळ, कुरकुरणारा पंखा, न लागणारी कडी, सगळं दुरुस्त करून मगच आडवे होत. काही मॅनेजर आम्हाला मुद्दाम जी खोली बिघडलेली आहे तीच देत. नानांना ते माहीत होतं. "देऊ दे. पुढच्या वेळी आपल्यालाच चांगली मिळेल," म्हणत. पुढच्या वेळी पुन्हा दुसरी बिघडलेली मिळे.

लॉन्ड्रीची पद्धत एकदाच फसली. एका तालुक्याच्या गावी, गावाचं नाव घेत नाही, लॉन्ड्रीवाला म्हणाला की एका लॉजच्या चादरी दिवसातून तीन-तीनदा येतात. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना खजिना सापडला.

"तीनदा. बीएस्सी, अशी जागा पुण्यातही नसेल."

आम्ही गेलो. काउंटरवरच्या माणसाने मला पाहिलं, नानांना पाहिलं, आमच्या अवजारांच्या पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वेळासाठी?"

"दोन रात्री," नाना म्हणाले.

"पूर्ण?"

"म्हणजे? रात्र अर्धी पण असते का?"

तो माणूस आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकाने पुन्हा तेच विचारलं, नानांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्या लॉजच्या इतिहासात पहिल्यांदा कोणीतरी दोन रात्रींसाठी चावी घेतली. खोली चाळीसची होती. चादर कडक, पांढरी, नीळ घातलेली. नाना खूश. दुपारी गॅलरीत चहा पिताना मात्र त्यांच्या लक्षात आलं की इथे येणारी माणसं तासाभरात परत जातात, आणि सामान कोणाकडेच नाही.

"बीएस्सी, इथे मुक्कामाला कोणी टिकत का नाही?"

मी सांगितलं. सांगताना मीच खाली मान घातली होती. नानांनी कप खाली ठेवला, आत जाऊन चादर पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाले, "तरी चादरीत खोट नाही." आम्ही दोन्ही रात्री तिथेच काढल्या. त्यानंतर लॉन्ड्रीत ते एक प्रश्न जास्तीचा विचारू लागले, "दिवसातून एकदाच येतात ना?"

जेवणाचीही त्यांची एक रीत होती. पाटीवर काय लिहिलंय, आत एसी आहे का, शेवभाजी किती प्रकारची, हे ते बघत नसत. ते भाजीबाजारात जात. संध्याकाळी बाजार उठताना उरलेलं, दबलेलं कोण उचलतं, ते चेहरे मला पाठ करायला लावत. "हे याच्याकडे जेवायचं नाही. हे त्याच्याकडे नाही." आणि सकाळी जो माणूस एकेक वांगं हातावर तोलून घेतो, त्याच्याकडे जेवायचं. भरताचं वांगं आकाराने मोठं आणि हाताला हलकं लागलं पाहिजे. जड असेल तर आत नुसत्या बिया. हे ज्याला कळतं त्याच्या हाताखाली भरीत बिघडत नाही, असं नानांचं शास्त्र.

थंडीचे दिवस होते, आम्ही जळगावात एका कॉलेजच्या कामाला आलो होतो. सकाळी बाजारात असाच एक मिशीवाला माणूस दिसला. तीन पाट्या धुंडाळून त्याने वांगी निवडली. एक उचलायचा, तोलायचा, परत ठेवायचा. भाजीवाली कंटाळून म्हणाली, "भाऊ, लग्न करताय का वांग्याशी?" तो हसला पण हात थांबला नाही. पोतंभर वांगी त्याने मोटरसायकलवर पुढ्यात घेतली आणि निघाला. नानांनी मला ओढून रिक्षात बसवलं.

"त्या गाडीच्या मागे घ्या."

रिक्षावाला म्हणाला, "पोलीस आहात का?"

"नाही. जेवायचं आहे."

रिक्षावाल्याने यावर थोडा विचार केला आणि गिअर टाकला. पिंप्राळ्यात एका कॉलनीत ती गाडी थांबली. मोकळ्या प्लॉटवर मांडव होता, कपाशीच्या काड्यांचा ढीग होता, चार-पाच बाया लसूण सोलत बसल्या होत्या. नानांनी मांडवाकडे पाहून मान डोलावली. जागा मोकळी, हवेशीर, भट्टी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. खरं हॉटेल असं पाहिजे, असं मला हळूच म्हणाले. मग त्या मिशीवाल्याला विचारलं, "जेवण कधी सुरू होतं?"

"साडेबाराला. तुम्ही कुठून?"

"धुळ्याहून."

"हां हां, धुळ्याचे. या की मग. वेळेवर या."

आम्ही कॉलेजचं काम उरकून वेळेवर गेलो. चाळीसेक माणसं पंगतीला होती. आम्हाला मानाने पुढे बसवलं. काड्यांच्या जाळावर भाजलेलं, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचलेलं भरीत, वरून कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी. नाना एरवी मोजकं जेवणारा माणूस. त्या दिवशी तीनदा भरीत घेतलं. वाढणाऱ्या बाईंना "अक्का, थोडं खालचं वाढा, खाली तेल बसलेलं असतं," असंही सांगून झालं. हात धुऊन आले, खिशात हात घातला आणि मिशीवाल्याला म्हणाले, "बिल सांगा."

"कसलं बिल?"

"जेवणाचं."

तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. मी नानांकडे. नाना त्याच्याकडे. शेवटी तो म्हणाला, "अहो, नातीचं बारसं आहे. तुम्ही आमच्या धुळ्याच्या व्याह्यांकडचे ना?"

नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्यांना असं झालेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं खरं सांगितलं, बाजारापासून. वांगं हातावर तोलल्यापासून. मिशीवाला ऐकत राहिला आणि मग असा हसला की पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. त्याने बायकोला बोलावून पुन्हा सगळं सांगायला लावलं. "बघ, तू म्हणतेस मी बाजारात वेळ घालवतो. माणूस रिक्षा करून मागे आला." मग नानांनी बाळ पाहायला मागितलं. गळ्यातलं भिंग काढलं, त्या पोरीची इवलीशी करंगळी हळूच धरली आणि नखावर डोळा ठेवला. नानांनी मान वर केली.

"शंभराचं," म्हणाले, "तेल लावून."

याचा अर्थ तिथे फक्त मला कळला.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी. पावसावरची थोडी शेती, जंगलातला डिंक, मोहाची फुलं, आणि उरलेले दिवस मजुरी. मी नोकरीला लागून वर्ष होत आलं तेव्हा विद्यापीठाचं पदवीदान आलं. मला दोन पास मिळाले, आई आणि आबांसाठी. समारंभ सकाळी साडेनऊला, आणि आमच्या गावाची पहिली एसटी जळगावला पोचेपर्यंत अकरा वाजतात. म्हणजे आदल्या दिवशी येऊन मुक्काम करायला हवा. मी फोन केला, म्हटलं हॉटेलात राहू.

आबा म्हणाले, "हॉटेलमा कोणी झोपस का? हॉटेलमा चहा पेतस."

मी म्हटलं, हॉटेल म्हणजे लॉज. आबा म्हणाले, तू घेऊन ये ती पदवी, आम्ही घरी बघू.

कारण मला माहीत होतं. मी लहान असताना काका जळगावला दवाखान्यात होता आणि आबा स्टँडजवळच्या एका लॉजवर खोली मागायला गेले होते. हातात पैसे होते. काउंटरवरच्या माणसाने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी, मातीचे, भेगा पडलेले पाय. "मन्हा पाय देखीसन बोलना, जागा नही," असं आबा सांगत. आबांनी ती आठ-दहा दिवसांची पाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली, आणि त्यानंतर लॉजची पायरी चढायची नाही असं ठरवून टाकलं. चिडून नाही. आमच्याकडे माणसं अशा गोष्टी चिडून ठरवत नाहीत.

मला मात्र ते दोघं त्या मंडपात बसलेले हवे होते. त्यांच्याशिवाय तो कागद घेऊन मी काय करणार होतो? मी दुकानात दिवसभर तोंड पाडून बसलो. नानांनी दुपारी विचारलं, मी सांगितलं. नाना भिंग पुसत होते, पुसत राहिले. मग म्हणाले, "फोन लाव आबांना."

मी लावला. नाना आणि आबा तोवर भेटलेले नव्हते.

"आबा, नमस्कार. मी धुळ्याहून, तुमच्या बीएस्सीचा मेकॅनिक. मला एक विचारायचं होतं. बैल घेताना तुम्ही काय बघता?"

हे नानांना माझ्याकडून माहीत होतं. चोपड्याच्या बैलबाजारात बैल पसंत करायला गावातले लोक आबांना सोबत नेत. आबांनी हात ठेवलेला बैल वाया गेला, असं कोणी सांगणार नाही. आबा फोनवर खुलले. चाल बघतो, म्हणाले. दात बघतो. बसतो कसा, उठतो कसा, ते बघतो. अंगाला हात लावला की कातडी हलवतो का, बघतो.

"बस," नाना म्हणाले. "मला लॉज घ्यायचं आहे एका रात्रीसाठी. माझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. बैल बघता तसं लॉज बघून द्या. पसंत तुम्ही करायचं. नाही पटलं तर नाही घ्यायचं."

मग आबा म्हणाले, "किती लॉज शेतस?"

"तुम्ही म्हणाल तितके."

आदल्या दिवशी दुपारी आई आणि आबा जळगाव स्टँडवर उतरले. आबांनी नवी टोपी घातली होती. पायात नव्या चपला होत्या आणि त्या त्यांना चावत होत्या. नाना पुढे झाले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "लॉन्ड्रीवाल्यांनी तीन नावं दिलीत. चला."

पहिल्या लॉजच्या पायरीपाशी आबा थांबले. मला वाटलं, आता फिरतात माघारी. काउंटरवर एक तरुण मॅनेजर बसला होता, त्याने वर पाहिलं. नाना मध्ये उभे राहिले नाहीत. एक पाऊल मागे सरकून त्यांनी आबांना पुढे जागा करून दिली. आबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, अनवाणी आत गेले आणि म्हणाले, "खोली दखाडा."

"या ना काका," मॅनेजर म्हणाला.

आबांनी खोली अशी पाहिली की मी नानांना विसरलो. पलंगाच्या चारही पायांना धक्का दिला. गादीवर बसले, उठले, परत बसले. भिंतीवर थाप मारली. संडासात जाऊन पाणी टाकलं आणि ते जायला किती वेळ लागतो ते बघत उभे राहिले. नाना मागे हात बांधून, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर शिक्षक उभे राहतात तसे. शेवटी आबांनी खिडकी उघडली. समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

"आठे हवा कथाईन येई?"

मॅनेजर म्हणाला, "काका, एसी आहे ना."

"जागा चांगली शे," आबा म्हणाले. "पन माले नको."

आणि ते जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात थांबले, कठड्याला हात धरला आणि हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. आई घाबरली. "काय व्हयनं हो?" आबांनी डोळे पुसले. "काही नही. चाल. दुसरं देखू." खाली आल्यावर नानांनी हळूच विचारलं, "मागचं ते लॉज हेच का?" आबा म्हणाले, "नही. तठे आते मोबाईलनं दुकान शे." मग म्हणाले, बाजारात पहिला बैल कधी घ्यायचा नसतो, घेणाऱ्याची किंमत कमी होते.

दुसरं लॉजही आबांनी नापास केलं. तिथे मॅनेजरने आधी आधारकार्ड मागितलं आणि मग पाणी विचारलं. आबांच्या मते क्रम चुकला. नानांना हा मुद्दा इतका आवडला की ते रस्त्यात दोनदा म्हणाले, "क्रम चुकला. इतकी वर्षं मला सुचलं नाही." तिसऱ्या लॉजमध्ये आबांनी पलंगाला धक्का द्यायच्या आत आई त्यावर बसली.

"मी आते आठेच बसनू. तुम्ही फिरा गावभर."

नानांनी भिंग बाहेर काढलं होतं, ते तसंच आत ठेवलं. लॉज पसंत झालं.

रजिस्टरमध्ये येण्याचं कारण असा एक रकाना होता. आबांनी मला वरची कारणं वाचायला लावली. दवाखाना. कोर्ट. लग्न. दवाखाना. मार्केटिंग. परीक्षा. "आते आपलं लिख," म्हणाले. मी पदवीदान असं लिहिलं. मॅनेजरने उलट्या बाजूने वाचून विचारलं, "अरे वा, कोणाचं पदवीदान?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "आमनं."

समारंभाचं मी जास्त सांगत नाही, सगळ्यांचा असतो तसा होता. भाषणं लांबली. झगा माझ्या मापाचा नव्हता. पण पुढून चौथ्या रांगेत कडेला आई आणि आबा बसलेले होते, आणि आबा खुर्चीच्या पायांना हलकेच धक्का देऊन बघत होते, हे मी स्टेजवरून पाहिलं. नानांना पास नव्हता. ते बाहेर मैदानात थांबले. आम्ही येईपर्यंत त्यांनी तिथलं कॅन्टीन तपासून नापास केलं होतं आणि आम्हा तिघांना दीड तास उपाशी ठेवून शहरात आणून जेवू घातलं.

पुढे मी बीएड केलं, आता जळगावातच शिकवतो. नाना निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सुरतेला. त्यांनी निवृत्तीच्या आधीच धुळ्यात, देवपुरात, एक फ्लॅट घेतला होता. मी एकदोनदा गेलो. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, दाढीचं सामान खिडकीत, बॅग भरून दाराजवळ. निम्मं आयुष्य त्यांनी लॉजवर काढलं होतं, घरीही ते तसेच राहत. मला ते जाणवलं, पण नानांना मी काय सांगणार.

गेल्या थंडीत आबांना धुळ्याचं कृषी प्रदर्शन बघायचं होतं, दोन दिवस. मी मोबाईलवर खोली बघायला लागलो तर म्हणाले, "तू नको. नानाले फोन लाव." दोघांनी धुळ्यात चार लॉज पाहिली आणि चारही नापास केली. त्यात किती लॉजांचा दोष होता मला शंका आहे. शेवटी नाना त्यांना आपल्याच घरी घेऊन गेले. संध्याकाळी सातला माझा फोन वाजला.

"बीएस्सी," नाना म्हणाले, "तुझ्या आबांनी माझं घर नापास केलं."

"काय सांगता. का?"

"त्यांनाच विचार."

आबा फोनवर आले. घर चांगलं आहे, म्हणाले. हवा आहे, पाणी आहे, गादी कडक आहे. "पन शेजारे कोण ऱ्हास, ते नानाले म्हाईत नही."

मागून नाना म्हणाले, "मी इथे असायचो कुठे? सतत बाहेर."

"आते कोठे जातस तुम्ही बाहेर?" आबांनी विचारलं. माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

दार उघडल्याचा आवाज आला, चपलांचा, आणि मग कुठेतरी बेल वाजली. फोन आबांच्या हातातच होता. एक बाई "कोण?" म्हणाल्या. नानांनी घसा साफ केला. प्राचार्यांसमोर न अडखळणारा माणूस अडखळला.

"नमस्कार. मी समोरचा. म्हणजे... समोरच राहतो. सहा वर्षं झाली."

"अहो काका, माहीत आहे. रोज बघतो आम्ही तुम्हाला. आमचे हे म्हणतात, काका गावाला निघालेत वाटतं, नेहमी बॅग दारातच असते. या ना. हे कोण?"

"हे आबा. आमचे पाहुणे. घर बघायला आले होते."

"या, आत या. चपला राहू द्या तशाच. आणि जेवूनच जायचं, पोळ्या लाटतेच आहे मी."

खुर्च्या सरकल्या. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. बाईंनी विचारलं, "काका, पाणी साधं की माठातलं?" आणि नाना म्हणाले, "माठातलं." मग आबांचा आवाज आला, शांत, बैलाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा.

"नाना, आते तुमनं घर पास."

फोन बंद करायचं दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. मीही केला नाही.